लक्ष कुठे आहे तुझं?

रोज सकाळी दूध तापवून झालं की मी सामायिक करायला बसते. आसन अंथरायचं, मुहपत्ती बांधायची आणि समोरची रेतीची घडी उलटी करायची. ती रेती खाली येईपर्यंत, म्हणजे ४८ मिनिटं, जागेवरून हलायचं नाही. लग्न होऊन खानदेशातून सुरतला आले तेव्हा सासूबाईंनी ही घडी माझ्या हातात दिली होती. आता सासूबाई नाहीत, घडी आहे.

इतक्या वर्षांचा सराव, पण खरं सांगू का? पहिली पाच-सात मिनिटं बरी जातात. मग मन निघतंच. गॅस बंद केला ना? धाकटीचा फोन आला नाही. गुडघा दुखतोय, जरा पाय बदलू का? तेवढ्यात खाली भाजीवाला ओरडतो आणि डोळे आपोआप खिडकीकडे वळतात.

लहानपणी आमच्या गावच्या स्थानकात चातुर्मासाला आलेल्या महासतीजींनी आम्हा मुलींकडून सामायिकाचे ३२ दोष पाठ करून घेतले होते. मनाचे १०, वचनाचे १०, कायेचे १२. त्यात एक 'चलासन', म्हणजे बसल्या जागी सारखं हलणं. एक 'चलदृष्टी', म्हणजे नजर इकडेतिकडे फिरवणं. तेव्हा नुसते घोकले. आता वाटतं, ज्याने कुणी ही यादी केली त्याला माणूस नीट माहीत होता. मोठं, समजतं, स्वतःच्या इच्छेने बसलेलं माणूससुद्धा ४८ मिनिटांत हलणार, भटकणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. आणि दोष घडला तर काय करायचं? शेवटी 'मिच्छामि दुक्कडं' म्हणायचं आणि उठायचं. छडी कुणी मारत नाही.

मी मात्र ३१ वर्षं शिक्षिका होते आणि आठ वर्षांच्या मुलांनी पाच तास चलासन करू नये अशी माझी अपेक्षा असायची.

आमची सुरत गुजरातेत असली तरी इथे मराठी शाळांना तोटा नव्हता. महानगरपालिकेच्या शाळाच सात माध्यमांतून चालतात: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत ताप्ती लाइनच्या गाड्यांनी आलेली खानदेशी कुटुंबं राहतात. नंदुरबार, धुळे, जळगावकडची. वडील लूमवर १२ तासांची पाळी करतात, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. आई घरी साड्यांना खडे चिकटवते, नाहीतर धागे कापते. त्यांची मुलं माझ्या वर्गात यायची. मी ज्या शाळेत होते तिचं नाव लिहीत नाही. इथे ज्या चुका सांगणार आहे त्या शाळेच्या नाहीत, माझ्या आहेत.

साल २००९. तिसरीचा वर्ग, ५४ मुलं. त्यातल्या एकाला मी 'भोवरा' नाव ठेवलं. त्याचं खरं नाव इथे देत नाही. तसा नाव देण्याचा हक्क मी एकदा बजावलाच आहे.

नाव ठेवायला कारण होतं. एका जागी बसणं त्याला माहीतच नव्हतं. पेन्सिलला टोक करायला उठायचा, वाटेत तिघांच्या वह्या पाडायचा, खिडकीतून डोकवायचा, आणि जागेवर येईपर्यंत पेन्सिल कुठेतरी टाकून आलेला असायचा. मी प्रश्न विचारायला सुरुवात केली की अर्ध्या प्रश्नावरच उत्तर ओरडून मोकळा. उत्तर कधी बरोबर, कधी भलतंच. दुसऱ्याची पाळी असताना हा मधेच. फळ्यावरचं उतरवायला सांगितलं तर दोन ओळी उतरवून तिसरी ओळ त्याच्यापुरती संपलेली. डबा, दप्तर, वही, एक चप्पल, काही ना काही रोज शाळेत राहायचं.

"लक्ष कुठे आहे तुझं?" हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा म्हटलं असेल! बाहेर उभं केलं. कोंबडा केलं. हातावर पट्टीही मारली. मला सगळ्यात राग कशाचा यायचा, तर ह्याला लक्ष देता येत नाही असं मुळीच नव्हतं! उत्तरायणाच्या दिवशी हाच मुलगा चाळीच्या गच्चीवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पतंग उडवायचा. ढील कधी द्यायची, खेच कधी मारायची, कुणाचा पतंग कुठून येतोय, सगळं अचूक. मग मी म्हणायची, "पतंगाला बरं लक्ष लागतं तुझं! पुस्तकालाच कसं नाही लागत?" म्हणजे जमतं, पण करत नाही. म्हणजे मुद्दाम. म्हणजे माजलाय. माझा हिशेब सरळ होता.

त्याच्या आईला बोलावलं. तिच्या बोटांना साडीच्या खड्यांचा डिंक लागलेला. ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, हाऊ पोऱ्या मनं काहीच ऐकत नही. तुम्ही मारा त्याले." आपल्या लेकराला मारायची परवानगी देताना आईचा आवाज कसा होतो, ते तेव्हा ऐकलं. पण ऐकून विसरले.

मग सहामाही परीक्षा आली. पेपर तपासत होते. एका पेपरावर नावाच्या जागी लिहिलं होतं, 'भोवरा'. खोडून नाही, गंमत म्हणून नाही. नीट, रेघेवर, इतर मुलं आपलं नाव लिहितात तसं. पुढे हजेरी क्रमांक बरोबर.

मी तो पेपर तसाच घरी आणला. त्या दिवशी नणंदेची मुलगी आमच्याकडे आली होती. ती मेडिकलला शिकत होती. मी तिला सगळं सांगितलं, तक्रारीच्या सुरातच. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामी, हा मुलगा डॉक्टरांना दाखवायला हवा. ह्याला कदाचित एडीएचडी असेल."

मला वाटलं, हे 'तारे जमीं पर'मधलं असेल. तो सिनेमा २००७ ला आला होता आणि तेव्हापासून प्रत्येक मागे पडलेल्या मुलाला आम्ही शिक्षक 'तारे जमीं पर' म्हणायला लागलो होतो. ती म्हणाली, "नाही मामी, ते डिस्लेक्सिया. त्यात अक्षरं वाचणं-लिहिणं अडतं. हे वेगळं. यात लक्षावरचा ताबा कमी असतो. काही मुलांत दोन्ही असतं."

पुढच्या महिन्यात त्याच्या आईवडिलांबरोबर मी स्वतः सिव्हिलला गेले. वडिलांची एक पाळी बुडाली, म्हणजे तेवढा पगार गेला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत शिक्का मारला नाही. आधी कान तपासा, डोळे तपासा, रक्त तपासा म्हणाले. रात्री झोपतो किती? फीट कधी आली होती का? घरात मारहाण होते का? मग त्यांनी दोन फॉर्म दिले. एक आईवडिलांना, एक मला.

त्या फॉर्ममध्ये 'मुलगा कसा आहे' हा प्रश्नच नव्हता. तो काय करतो आणि किती वेळा करतो, एवढंच होतं. सांगितलेलं काम अर्धवट सोडतो का: कधीच नाही, कधीकधी, वारंवार, नेहमी. वस्तू हरवतो का? आपली पाळी येईपर्यंत थांबू शकतो का? मी पेन घेऊन बसले आणि लक्षात आलं, सहा महिने हा मुलगा माझ्यासमोर होता आणि त्याच्याविषयी माझ्याकडे नुसती विशेषणं होती. द्वाड, आगाऊ, निष्काळजी, भोवरा. तो नेमकं काय करतो हे बघायला मला पुन्हा आठ दिवस वर्गात नीट बघावं लागलं. आणि बघितल्यावर पहिल्यांदा दिसलं की सकाळचे पहिले दोन तास तो बराच बरा असतो, उभं राहून पाढे म्हणताना चुकत नाही, आणि वही हरवली की सगळ्यात जास्त तोच घाबरतो.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. लक्ष नसतं असं नाही. लक्ष कुठे लावायचं, किती वेळ धरून ठेवायचं आणि कधी सोडायचं, याचा लगाम ढिला असतो. पतंगाला ढील दिली की लगेच तो वर जातो, खेच मारली की लगेच कळतं. क्षणाक्षणाला फळ मिळतं, म्हणून तिथे लक्ष टिकतं. शुद्धलेखनाच्या दहा ओळींचं फळ कधी मिळणार? उद्या, बाईंनी वही तपासली तर. तोवर लगाम सुटलेला असतो. "जमतं पण करत नाही" असं नसतं. कधी जमतं, कधी जमत नाही, आणि कधी जमेल हे त्याच्या हातात नसतं.

ही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात, निदान सहा महिने टिकलेली असावी लागतात, आणि एकाच ठिकाणी नाही तर घरी आणि शाळेत, अशी दोन ठिकाणी तरी दिसावी लागतात. नुसतं एका बाईंच्या तासाला मूल चुळबुळ करत असेल तर दोष बाईंच्या तासाचाही असू शकतो. हे शेवटचं डॉक्टर हसत म्हणाले, पण मला लागलं.

नंतर मी यावर मिळेल ते वाचत गेले. या मुलांकडे पहिल्यांदा बारकाईने बघणाऱ्यांत लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल होते. १९०२ साली त्यांनी यावर व्याख्यानं दिली. हुशार असूनही ज्यांना स्वतःला आवरता येत नाही अशी मुलं त्यांनी वर्णन केली. पण एवढ्या मोठ्या डॉक्टरांनीही त्याला नाव दिलं ते नैतिक संयमाच्या कमतरतेचं! म्हणजे शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरही माझ्यासारखेच बोलत होते. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात ते लक्षाच्या कमतरतेचा विकार म्हणून आलं आणि १९८७ साली त्यात अतिचंचलता जोडली गेली. दोष शीलातून निघून लक्षात यायला एवढी वर्षं गेली.

आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. २००७ साली अमेरिकेत अशा मुलांच्या मेंदूच्या वाढीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूचा बाहेरचा थर या मुलांत वाढतो तसाच, पण सरासरी तीन वर्षं उशिरा. मी मनाशी गणित केलं. म्हणजे स्वतःला आवरण्याच्या बाबतीत माझा आठ वर्षांचा भोवरा जेमतेम पाच वर्षांचा. पाच वर्षांच्या मुलाला मी कोंबडा केला असता का?

आता, काय बदललं ते सांगते. जादू काही झाली नाही.

पहिलं म्हणजे नाव बदललं. मी वर्गासमोर सांगितलं की भोवरा हे नाव बाईंनी चुकून ठेवलं होतं, आजपासून ते बंद. मुलं दोन दिवसांत विसरली. चाळ विसरायला वर्ष लागलं.

त्याला पहिल्या बाकावर आणलं, खिडकी आणि दारापासून लांब. एका वेळी एकच सूचना. "वही काढा, तारीख घाला, समास आखा आणि धडा उतरवा" असं म्हटलं की त्याच्यापर्यंत फक्त वही पोचायची. दहा गणितांच्या ऐवजी तीन द्यायची, ती दाखवायला तो माझ्याकडे उठून यायचा, मग पुढची तीन. उठायचंच आहे ना, मग कामासाठी ऊठ. खडू आणणं, फळा पुसणं, ऑफिसात हजेरी देऊन येणं, ही कामं त्याची झाली. चुकलं की ओरडण्याऐवजी बाकावर दोन बोटं टेकवायची, ही आमची खूण. बरं केलं की तिथल्या तिथे सांगायचं, संध्याकाळची वाट बघायची नाही.

आणि घडी. एक दिवस सामायिकात मन भटकत असतानाच सुचलं. डोळे उघडून रेतीकडे बघितलं की मला बसायला बळ येतं. 'अजून एवढीच राहिली' हे दिसतं. घड्याळातले काटे त्या मुलाला काय सांगणार? मी खेळण्यांच्या दुकानातून तीन मिनिटांची छोटी रेतघडी आणली. "रेती खाली येईपर्यंत लिहायचं, मग उठून एक फेरी मारायची." पहिल्या दिवशी त्याने घडीकडेच बघत तीन मिनिटं घालवली. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी चार ओळी लिहिल्या. मग वर्गातल्या सगळ्यांनाच ती घडी हवी झाली.

औषधाचा प्रश्न अवघड होता. "वेड्याची गोळी नको," वडील म्हणाले. डॉक्टरांनी समजावलं की गोळी वेडाची नाही, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, भूक आणि झोप कमी होऊ शकते म्हणून वजनावर लक्ष ठेवावं लागतं, आणि नुसत्या गोळीने शिस्त येत नाही, घर आणि शाळा बदलावी लागते. आधी सहा महिने गोळीशिवाय प्रयत्न केले. पाचवीत गेल्यावर त्यांनी गोळी सुरू केली. मी त्यात मत दिलं नाही. तो मुलगा दहावी झाला, फार मार्कांनी नाही. आज एम्ब्रॉयडरीची मशीनं दुरुस्त करतो, दिवसभर या खात्यातून त्या खात्यात फिरत. फिरतं काम त्याला मानवलं.

इथे एक सांगायला हवं. नवं शिकलेलं माणूस सगळीकडे तेच बघायला लागतं, तसं माझंही झालं. चौथीतला एक मुलगा सारखा शून्यात बघायचा. मी लगेच त्याच्या आईला डॉक्टरांकडे पाठवायला निघाले. मग कळलं, तो दिवाळीनंतर गावाहून आलेला, घरी फक्त अहिराणी. मी 'इकडे ये' म्हणायची, त्याला 'आठे' कळायचं. लक्षाचा नाही, भाषेचा प्रश्न. दुसरी एक मुलगी वर्गात पेंगायची. एका खोलीत सहा माणसं, वडील रात्रपाळीहून आले की दिवा लागायचा, शिवाय ती रात्री आईबरोबर साड्यांचे धागे कापत बसायची. तिला झोप हवी होती. कुणी उपाशी यायचं. कुणाला कमी ऐकू यायचं. कुणाच्या घरी बाप प्यायचा आणि मूल वर्गात बसून घरची काळजी करायचं. म्हणून शिक्षकाने किंवा शेजारणीने निदान करू नये. बघावं, लिहून ठेवावं, आणि दाखवायला सांगावं.

२०१० च्या एप्रिलपासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला त्यात मनाई आहे. आम्हा शिक्षकांत त्यावर बरीच कुरकूर झाली. मी गप्प होते. 'मानसिक त्रास' म्हणजे काय हे मी नावाच्या जागी 'भोवरा' लिहिलेल्या पेपरावर वाचलं होतं.

एवढ्यावर हा लेख संपला असता तर मला बरं वाटलं असतं. चूक केली, शिकले, सुधारले. पण २०१६ साली, माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, पालकसभेला एक बाई आली. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता, विसराळू, सगळं अर्धवट सोडणारा. मी आता सवयीने सगळं समजावून सांगत होते. काय दिसतं, कुणाला दाखवायचं, घाबरायचं कारण नाही, तुमच्या संगोपनाचा दोष नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, मला ओळखलं नाही ना? मी तुमच्याच वर्गात होते, तिसरीत. खिडकीजवळ बसायची."

मी तिचा चेहरा शोधत राहिले. नाव सांगितलं तेव्हा अंधुक आठवलं. साल १९९६ असेल. दोन वेण्या. कधी त्रास नाही, कधी बडबड नाही. प्रगतिपुस्तकावर मी लिहिलं असेल, 'शांत मुलगी आहे.' त्यापलीकडे काही नाही. अक्षरशः काही नाही.

ती म्हणाली, "तुम्ही पोराचं सांगताय ना, ते सगळं मला व्हायचं. तुम्ही शिकवायच्या, मला आवाज यायचा, पण शब्द पोचायचे नाहीत. खिडकीतून सांचाखात्याचा पत्रा दिसायचा, त्यावर कबुतरं बसायची. मी तीच मोजायची. मग तुम्ही 'समजलं का?' विचारायच्या, सगळे 'हो' म्हणायचे, मी पण म्हणायची. मला वाटायचं मी ढ आहे. सातवीला नापास झाले, शाळा सोडली, साड्यांचं काम धरलं."

साड्यांचं कामही नीट होत नाही म्हणाली. पोटलीतल्या साड्या मोजताना मधेच आकडा सुटतो, एक कमी निघते, शेठ पैसे कापतो. गॅसवर भाजी करपते. लाइटबिलाची तारीख जाते. सासू दिवसातून दहा वेळा म्हणते, "ध्यान कुठे असतं तुझं?" सुरतेत राहून आपण सगळेच 'लक्ष'ऐवजी 'ध्यान' म्हणायला लागलो आहोत. आणि मराठीत 'काय ध्यान आहे!' म्हणतात ते वेगळंच. ती हसून म्हणाली, "बाई, मी दोन्ही अर्थांनी ध्यानच."

मला हसू आलं नाही. हा विकार चंचलतेशिवायही असतो, नुसता लक्ष निसटण्याचा, आणि मुलींमध्ये तो पुष्कळदा असाच असतो, म्हणून मुलींचं निदान राहून जातं, हे मी वाचलेलं होतं. घराण्यातून तो पुढे येतो आणि मोठेपणीही अनेकांत राहतो, हेही वाचलेलं होतं. पण वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मुलगेच होते.

त्या रात्री मी हिशेब केला. ३१ वर्षं, दर वर्षी साधारण ५० मुलं. दीड हजाराच्या वर. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज शंभरात पाचाच्या आसपास आहे. म्हणजे पंचाहत्तर मुलं तरी माझ्या हातून गेली. २००९ नंतर मी डॉक्टरांकडे पाठवलेली अकरा, आणि अकराही मुलगे. भोवऱ्याकडे माझं लक्ष गेलं, कारण तो माझा तास मोडायचा. खिडकीजवळच्या मुलीने माझं काहीच मोडलं नाही. तिचं स्वतःचं मोडत होतं, तेही आवाज न करता. जन्मभर मुलांना "लक्ष कुठे आहे तुझं?" विचारलं आणि स्वतःचं लक्ष फक्त जिकडे गोंगाट तिकडेच राहिलं.

तिच्या मुलाला तिने दाखवलं. तिला म्हटलं, तूही विचार डॉक्टरांना, मोठ्यांवरही उपचार होतात. "आधी पोराचं होऊ द्या बाई," म्हणाली. आपल्या बायका हेच म्हणतात. तोवर आम्ही दोघींनी मिळून काही युक्त्या केल्या. साड्या दहा-दहाच्या गठ्ठ्यांत मोजायच्या आणि प्रत्येक गठ्ठ्याला खडूची रेघ. भाजी टाकली की मोबाइलवर गजर. बिल आलं की त्याच दिवशी दाराच्या खिळ्याला. दोन महिन्यांनी सांगत आली, या वेळी शेठने काही कापलं नाही.

त्या वर्षी संवत्सरीनंतर ती मुलाला घेऊन घरी आली होती. मी तिला हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हटलं. सुरतेत राहणाऱ्याला हे शब्द नवे नसतात, दुकानांच्या पाट्यांवरही असतात. ती गडबडली. "अहो बाई, तुम्ही मला कधी मारलं नाही, कधी ओरडला नाही. माफी कशाची?"

"त्याचीच," मी म्हटलं. "काहीच केलं नाही, त्याची."

ती काही बोलली नाही. मुलगा टेबलावरची माझी सामायिकाची घडी उलटीसुलटी करत होता. तिने त्याला दटावलं. मी म्हटलं, राहू दे गं.

मैत्रिणींनो, दंगा करणारा मुलगा घरात असेल तर शाळा तुम्हाला बोलावणं धाडेलच. पण घरात एखादी 'वेंधळी', 'धांदरट', 'स्वप्नाळू' म्हणून हसण्यावारी नेलेली मुलगी असेल, नाहीतर सून, तर आठ दिवस नुसतं बघा. ती कशी आहे ते नाही. ती काय करते, कधी, किती वेळा. कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. तिला बरोबर घ्या, आणि वाटेत तिला बोलू द्या.